कीड लागलेल्या तांदळाची तीन कोटेशनं

ते इंडेंट माझ्या टेबलावर आलं तेव्हा मला वाटलं, टाइप करणाऱ्याची चूक झाली असणार.

म्हैसूरला मेटगळ्ळीच्या कारखान्यांच्या मागं आमची एक छोटी सरकारी प्रयोगशाळा होती. साठवलेलं धान्य कसं टिकवायचं, यावर तिथं काम चालायचं. मी खरेदी विभागात सहायक होते. कुणाला काही हवं असलं की मागणीचा कागद, म्हणजे इंडेंट, माझ्याकडं यायचं आणि मी व्यापाऱ्यांना पत्रं पाठवून दर मागवायचे. काचेच्या नळ्या, कापूस, स्पिरिट, तराजूची दुरुस्ती. नोकरीला तीन वर्षं झाली होती. काम मला येत होतं, आणि येतं याचा थोडा ताठाही होता.

त्या इंडेंटवर लिहिलं होतं: तांदूळ, कीड लागलेला, दर महिन्याला पन्नास किलोचं एक पोतं, बारा महिने.

मजकूर इंग्रजीत होता. मी 'इन्फेस्टेड' या शब्दाच्या आधी 'अन' अशी दोन इंग्रजी अक्षरं जोडली आणि तांदूळ निर्मळ करून टाकला. संतेपेटेच्या बाजारातल्या सहा धान्य व्यापाऱ्यांना पत्रं गेली. दहा दिवसांत पाच बंद पाकिटं आली. मी दरांचा तक्ता केला, सगळ्यात कमी दर लाल पेन्सिलीनं अधोरेखित केला आणि सेक्शन ऑफिसरांच्या पुढं ठेवला. ते सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. त्या दिवशी म्हणाले, "लवकर झालं."

दुसऱ्या दिवशी कीटक विभागाच्या डॉक्टर मॅडम तक्त्याची प्रत हातात घेऊन खाली आल्या.

"हा बदल कुणी केला?"

"मी, मॅडम. टाइपिंगची चूक होती, म्हणून दुरुस्त केली."

"चूक नव्हती. मला किडेच हवेत."

त्या बेळगावच्या. त्यांची मराठी खणखणीत. माझी मराठी म्हैसूरची. आमचे पूर्वज केव्हातरी इथल्या फौजेत आले, इथंच राहिले आणि बोलीत निम्मं कन्नड मुरलं. त्यांच्यापुढं मी नेहमी जपून बोलायचे. त्या दिवशी जपण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यांनी मला समोर बसवून समजावलं. त्यांच्या खोलीत काचेच्या बरण्यांमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेले किडे होते. "पण ते लाडावलेले आहेत," त्या म्हणाल्या. "औषधाचा वास आला तरी मरतात. बाजारातला किडा वेगळा. त्यानं चार गोदामं पाहिलेली असतात, चार औषधं पचवलेली असतात. त्याच्यावर काय चालतं ते मला बघायचंय. म्हणून बाजारातलाच तांदूळ हवा, आणि त्यात आपोआप लागलेली कीड हवी. दर महिन्याला ताजी."

पाचही व्यापाऱ्यांना दिलगिरीची पत्रं टाइप केली. सेक्शन ऑफिसरांनी त्यांवर सह्या केल्या.

मी त्यांना विचारलं, "सर, असलं पोतं बाजारातून हातोहात आणता येणार नाही का? किरकोळ खर्चात बसेल."

"एक बसेल. बारा बसणार नाहीत."

"मग दर महिन्याला एकेक आणू."

"बारा पोती लागणार हे आज माहीत असून एकेक आणलं, तर त्याला नियम चुकवणं म्हणतात." त्यांच्या खिशात दोन पेनं असायची, एक काळं, एक लाल. लाल काढून त्यांनी इंडेंटच्या कडेला लिहिलं: तीन कोटेशनं घ्यावीत.

पुन्हा सहा पत्रं. या वेळी मी मजकुरातलं एक अक्षरही बदललं नाही. तीन आठवडे गेले. चौघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं माझं पत्र तसंच परत पाठवलं, पाठीमागं कन्नडमध्ये लिहून: आमची तिसरी पिढी या धंद्यात आहे, असला माल आमच्याकडं कधी नव्हता आणि नाही. सहाव्यानं उत्तम सोना मसुरीचा दर पाठवला आणि खाली पुस्ती जोडली की तांदळात एकही किडा आढळल्यास पोतं बदलून मिळेल.

ते पत्र मी डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण त्यांच्या प्रयोगाची सुरुवात दोन महिने लांबली होती आणि वरून विचारणा माझ्याकडं येत होती.

"स्वतः जाऊन या," सेक्शन ऑफिसर म्हणाले. "समोर बोललं की माणसं ऐकतात."

मी सकाळच्या बसनं संतेपेटेत गेले. पहिल्या दुकानात मालक गादीवर बसला होता. मी प्रयोगशाळेचं पत्र पुढं केलं आणि कन्नडमध्ये सांगितलं की किडलेला तांदूळ हवा आहे. त्यानं पत्र वाचलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नोकराला कॉफी आणायला पाठवलं.

"अम्मा, तक्रार कुणी केली?" त्यानं हळूच विचारलं.

"तक्रार नाही. आम्हाला खरंच पाहिजे."

"पाच वर्षांत माझ्या दुकानातला नमुना नापास झालेला नाही. तपासून घ्या ना. आत्ता घ्या."

"मी तपासणीवाली नाही."

"बरोबर," तो म्हणाला. "तुम्ही कशाला सांगाल."

कॉफी आली ती दोन पेढ्यांसकट. मी न पिता उठले, त्यामुळं मी तपासणीवालीच आहे अशी त्याची खात्री झाली असावी. दुसऱ्या दुकानात मी पोहोचेपर्यंत मालक जेवायला गेला होता, सकाळी साडेदहाला. तिसऱ्या दुकानात बाहेर ठेवलेली तांदळाची पोती दोन हमाल आत नेत होते. चौथ्याकडं मला सांगण्यात आलं की इथं फक्त डाळी मिळतात. माझ्या डोळ्यांसमोर एक बाई दोन किलो तांदूळ घेऊन बाहेर पडली.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. आई सूप घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. तिला त्यात अडचण काय हेच कळेना.

"अय्यो, त्यासाठी एवढं? आपल्याच डब्यात हुळ पडलेत की. घेऊन जा." हुळ म्हणजे किडे, आमच्या घरात त्यांना दुसरा शब्दच नव्हता. "फुकट देते म्हणून सांग तुझ्या साहेबाला."

दुसऱ्या दिवशी मी हे थट्टेनं सेक्शन ऑफिसरांना सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

"कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाकडून माल घेता येत नाही," ते म्हणाले. "आणि घेता आला असता तरी आणखी दोन कोटेशनं लागलीच असती."

मी जागेवर येऊन टाइपरायटरवर कागद चढवला आणि नुसती बसून राहिले. या माणसाला एकदा त्या संतेपेटेत उभं करावं, असं मला वाटत होतं. लाल पेनासकट.

तरी पुढच्या आठवड्यात मी परत गेले. गल्लीच्या टोकाला एक जुनं दुकान होतं. तिथला म्हातारा व्यापारी मागच्या खेपेला मला नुसता बघत बसला होता. या वेळी त्यानंच हाक मारली.

"मेडम, इकडं या. तुम्ही तपासणीच्या नाही. तपासणीवाले दोनदा येत नाहीत."

तो मला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. भिंतीला लागून सात-आठ पोती होती. त्यानं एकाचं तोंड सोडलं आणि मूठभर तांदूळ तळहातावर पसरला. दाण्यांमधून बारीक तपकिरी किडे चालू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच किडे बघून मला इतका आनंद झाला होता.

"हे सगळ्यांकडं असतं," तो म्हणाला. "ज्याच्याकडं गोदाम आहे त्याच्याकडं हे आहेच. आम्ही कोंबडीखाद्यवाल्यांना देतो. तुम्हालाही देतो. महिन्याला एक, त्यात काय."

"मग एवढं कोटेशन लिहून द्या."

त्यानं पोत्याचं तोंड परत बांधलं. गाठ नीट बसवली.

"ते नाही जमणार."

"का?"

"माल उद्या संपेल, मेडम. कागद संपत नाही. माझ्या सहीशिक्क्याचा कागद, त्यावर लिहिलंय की याच्याकडं किडलेला तांदूळ मिळतो. तो सरकारी फाइलीत राहणार. मी मेल्यावर कुणीतरी काढणार, माझ्या मुलाला दाखवणार."

मी खूप समजावलं. हे संशोधन आहे, देशाच्या कामाचं आहे, यात बदनामी नाही. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता आणि शेवटी तेच म्हणत होता: तांदूळ घेऊन जा, कागद मागू नका. आणि मला तर कागदच हवा होता.

परत येऊन मी डॉक्टर मॅडमना म्हणाले, "तुमचे किडे सापडले. पण ते लिहून देत नाहीत."

त्यांनी थोडा विचार केला. "किडे असं लिहायचंच कशाला? त्यांचं शास्त्रीय नाव लिहू. सायटोफिलस ओरायझी. इंडेंट मी बदलून देते: तांदूळ, सायटोफिलस ओरायझीच्या नैसर्गिक वस्तीसह."

मी ते टाइप केलं. वाचायला भारदस्त वाटत होतं, एखाद्या बासमतीच्या जातीसारखं. सेक्शन ऑफिसरांनी कागद बराच वेळ पाहिला आणि सही केली.

म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं चष्मा लावून एकेक अक्षर जुळवलं. "याचा अर्थ काय?"

मी खरं ते सांगितलं.

"हं," तो म्हणाला. "पण हा कागद वाचून रस्त्यावरच्या माणसाला काही कळणार नाही."

"नाही कळणार."

त्यानं शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि सही केली. मग उठून समोरच्या दोन दुकानदारांकडं स्वतः गेला. त्यांतला एक म्हणजे मला पेढे देणारा. अर्ध्या तासात माझ्या पिशवीत तीन बंद पाकिटं होती. बसमध्ये मी ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पाकिटं उघडली तेव्हा तिन्हींत एकच दर निघाला. किड्यांसकट तांदळाचा भाव काय लावायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं; तिघांनी कोंबडीखाद्यवाल्यांचा भाव लिहिला होता. आता पुन्हा सहा पत्रं पाठवावी लागणार असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

"तिन्ही समान असले तर चिठ्ठी टाकायची, असा नियम आहे," सेक्शन ऑफिसर म्हणाले. त्यांनी कागदाचे तीन तुकडे केले, आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण पुसलं, त्यात ते टाकले आणि शिपायाला एक उचलायला सांगितलं. म्हाताऱ्याचं नाव निघालं. निदान तेवढं तरी बरं झालं. पहिल्या इंडेंटला त्या दिवशी चार महिने झाले होते.

पोतं सोमवारी येणार होतं. सोमवारी मी रजेवर होते, चुलतबहिणीच्या लग्नाला. गुरुवारी परत आले तेव्हा डॉक्टर मॅडम आमच्या विभागाच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं आभार मानायला आल्या आहेत.

"वर चला," त्या म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावर एका ट्रेमध्ये तांदूळ पसरला होता. पांढराशुभ्र, निवडलेला, पाखडलेला. त्यात काहीही हलत नव्हतं.

"हा काय दिला त्यानं?" मी विचारलं.

"त्यानं बरोबर दिला होता. तुमच्या स्टोअरनं साफ करून दिलाय."

मी जिना उतरून स्टोअरमध्ये गेले. स्टोअरकीपर हा सज्जन, मितभाषी माणूस. आलेल्या प्रत्येक वस्तूची तो अशी काळजी घ्यायचा की जणू त्याच्या घरचीच आहे. पोतं उघडल्यावर किडे दिसले, तेव्हा त्याला वाटलं व्यापाऱ्यानं आपल्याला फसवलं. परत पाठवावं तर मॅडम आधीच इतके महिने थांबलेल्या. म्हणून त्यानं दोन दिवस पोतं गच्चीवर उन्हात घातलं, दोन बायका लावून पाखडून घेतलं आणि वर धान्यात ठेवायची औषधाची गोळी टाकली. मग स्वतः खांद्यावर घेऊन वर पोहोचवलं.

मी त्याला वाट्टेल ते बोलले. चार महिन्यांचा सगळा राग, पत्रांचा, बसचा, पेढ्यांचा, त्या लाल पेनाचा, मी त्याच्यावर काढला. तुम्हाला डोळे नाहीत का, कागद वाचता येत नाही का, असंही म्हणाले. मागं दोन शिपाई उभे होते.

त्यानं माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग कपाटातून पावतीचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला आणि त्या भारदस्त शब्दांवर बोट ठेवलं.

"मेडम, वाचता येतं. हे काय आहे ते कळलं नाही. मला वाटलं तांदळाची जात असेल." मग तो म्हणाला, "कुणी एका शब्दानं सांगितलं असतं तर मी हात लावला नसता."

कुणाला कळू नये म्हणूनच तर मी ते शब्द शोधून आणले होते. मी सॉरी म्हणाले, पण ते मागच्या शिपायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले नाही. याची मला अजून लाज वाटते.

म्हाताऱ्याकडं परत जावं लागलं. तो चिडला नाही. उलट गच्चीवर वाळत घातलेल्या तांदळाची हकीकत त्यानं दोनदा सांगायला लावली. पण त्याच्याकडं आता तितकं किड्यांनी भरलेलं पोतं नव्हतं. "ऑर्डर दिली म्हणून ते होत नाहीत, मेडम. त्यांचं ते वाढतात," तो म्हणाला. आणखी तीन आठवडे थांबलो. पुढचं पोतं आलं तेव्हा मी फाटकापाशी हजर होते. पोत्यावर कन्नडमध्ये बोटभर उंचीच्या अक्षरांत कागद चिकटवला: यात किडे आहेत, ते हवे आहेत, हात लावू नये. स्टोअरकीपरनं कागदाचे चारही कोपरे खळीनं पुन्हा घट्ट बसवले. पोतं वर गेलं. त्यानंतर अकरा पोती आली आणि कुणालाही काही बोलावं लागलं नाही. डॉक्टर मॅडमचं काम पुरं झालं.

वर्षअखेरीला ऑडिटवाले आले. दोन दिवस आमच्या फाइली चाळून गेले आणि महिन्याभरानं त्यांचा आक्षेप आला. कीड लागलेलं धान्य कार्यालयानं बारा महिने का स्वीकारलं, निर्मळ तांदळाची कोटेशनं आधी आलेली असताना ती रद्द का केली, यात संबंधित सहायकाची जबाबदारी का निश्चित करू नये.

संबंधित सहायक म्हणजे मी. दोन अक्षरं जोडलेलं ते पहिलं इंडेंट अजून फाइलीत होतं. मला रडू आलं नाही, इतका संताप आला होता. फाइल घेऊन मी सेक्शन ऑफिसरांच्या टेबलापाशी गेले. ते मला काय सांगतील, हे मी जिन्यातच ठरवलं होतं: जबाब लिहून द्या, अम्मा. त्यावर मी काय बोलणार होते, तेही ठरवलं होतं.

त्यांनी फाइल घेतली, मागची पानं उलटली आणि एका पानावर थांबले. ते पान मी कधी पाहिलं नव्हतं. टिपणाच्या भागात, दुसरी पत्रं गेली त्याच आठवड्यातलं. लाल शाईत, त्यांच्या अक्षरात: या मागणीची मी स्वतः खात्री केली आहे. कीटक विभागात जाऊन भिंगातून जिवंत व मृत कीटक पाहिले. मागणी योग्य आहे. आधीची कोटेशनं माझ्या आदेशानं रद्द केली. खाली सही.

"तुम्ही वर गेला होता, सर?"

"न बघता सही कशी करणार?" ते म्हणाले. "मॅडमनी दाखवलं. बारकं असतं, पण सोंड स्पष्ट दिसते." त्यांनी पानाला खुणेची चिठ्ठी लावली. "याचा हवाला देऊन उत्तर टाइप करा. तीन प्रती. जबाबदारी सेक्शन ऑफिसरची, असं लिहा."

मी उत्तर टाइप केलं. आक्षेप मागं घ्यायला ऑडिटला पुढं सात-आठ महिने लागले, मध्ये दोन स्मरणपत्रं गेली, तो वेगळाच मनस्ताप. पण त्या दिवशी मी प्रती घेऊन त्यांच्यासमोर उभी होते आणि त्यांची सही होत होती, तेव्हा मला काहीतरी बोलायचं होतं. वर्षभर मी या माणसाला मनात जे काही म्हटलं होतं, ते सगळं आठवत होतं. ते पान तेव्हाच मला दाखवलं असतं तर माझे किती दिवस सुखाचे गेले असते, हेही आठवत होतं.

"सर, कॉफी मागवू?" मी विचारलं.

"आत्ताच झाली," ते म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.